हाडातली पोकळी भरण्यासाठी छापलेला स्कॅफोल्ड : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

जबड्यातलं सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली गाठ, काढल्यावर हाडात पोकळी उरते. ती लहान असेल तर आपोआप भरते. एका मर्यादेपलीकडे मात्र हाड कडेकडेने थोडं पुढे येतं आणि थांबतं, मधे नुसती तंतुमय ऊती भरते. अशा वेळी सर्जन कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवतात. उपाय चांगला आहे, पण रुग्णाला दुसरी जखम होते. कित्येकांना जबड्यापेक्षा कंबरच जास्त दिवस दुखते, असं आमच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर मॅडम सांगतात.

आम्ही थ्रीडी प्रिंटरवर छिद्रांचा एक ठोकळा, म्हणजे स्कॅफोल्ड, छापणार आहोत. हाड आत शिरेपर्यंत त्याने जागा धरून ठेवायची आणि मग हळूहळू विरघळून जायचं. पदार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल नावाचं प्लास्टिक, आणि त्यात वजनाने २० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट. हाडातलं खनिज याच जातीचं असतं. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे साध्या साधनांनी छापता येतं. शरीरात ते विरघळायला दोन-तीन वर्षं घेतं, आणि हाडाला तेवढा वेळ हवाच असतो. ही कल्पना आमची नाही. सिंगापूरमध्ये डिटमार हुटमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीएलच्या छापील जाळ्यांवरचं काम २००१ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि तिथल्याच ऑस्टिओपोर कंपनीच्या कवटीसाठीच्या पीसीएल जाळीला २००६ मध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली. हे पुण्यातल्या एका साध्या कॉलेज-प्रयोगशाळेत, अशा कामासाठीचा खास बायोप्रिंटर विकत न घेता, कितपत जमतं ते आम्हाला पाहायचं आहे.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट वहीत लिहून घ्यायला लावली : हा ठोकळा पायाच्या हाडात एकट्याने भार घेणार नाही. जबडा, कवटी, किंवा प्लेटने आधार दिलेली जागा, एवढीच त्याची हद्द.

आमची कसोटी : प्रत्येक बाजूने किमान ३०० मायक्रॉनची (०.३ मिलीमीटर) वाट, साधारण ६० टक्के पोकळी, आणि ठोकळ्याच्या मध्यापर्यंत पोचलेल्या पेशी.

२४ जानेवारी

प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, वितळवून छापणाऱ्या साध्या प्रिंटरवर सुरुवात केली. लांब नळीतून फिलामेंट ढकलणारा प्रिंटर पीसीएलसाठी निरुपयोगी आहे. फिलामेंट इतकं मऊ असतं की नळीतच वाकतं. गिअर नोझलच्या डोक्यावरच असलेला प्रिंटर घेतला, तर मोटरच्या उष्णतेने गिअरपाशीच फिलामेंट नरम होऊन चपटं व्हायला लागलं. मोटरवर पंखा बसवला, रिट्रॅक्शन, म्हणजे फिलामेंट मधेमधे मागे ओढणं, पूर्ण बंद केलं, तेव्हा कुठे विकतचं शुद्ध पीसीएल छापलं गेलं.

खरी अडचण खनिज मिसळलेल्या फिलामेंटची होती. ते आम्हीच ओढत होतो, आणि जाडी कुठे १.५ तर कुठे १.९ मिलीमीटर येत होती. प्रिंटर १.७५ धरून चालतो. जाड भागात बारीक भागाच्या दीडपटीहून जास्त माल बाहेर पडतो. एकाच ठोकळ्यात एक धागा सुतासारखा आणि पुढचा शेजाऱ्याला चिकटलेला. यात दोन आठवडे गेले. फिलामेंटचा मार्ग सोडला.

१२ फेब्रुवारी

आता गरम नळकांड्यातून हवेच्या दाबाने माल ढकलतो आहोत. नळकांडं स्टीलचं, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतलं, साडेतीन हजार रुपये. बँड हीटर, तापमान-नियंत्रक आणि तापमान मोजणारं थर्मोकपल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांतून, दोन हजारांच्या आत. कॉम्प्रेसर कॉलेजमध्ये होताच. हे सगळं जुन्या प्रिंटरच्या डोक्याजागी बसवलं. वजन वाढल्यामुळे वेग खाली आणावा लागला, पण इथे वेग लागतच नाही : १०० अंशांवरचं पीसीएल मधापेक्षा कितीतरी घट्ट असतं. ५ ते ६ बार दाबाला ०.४ मिलीमीटर नोझलमधून ते सेकंदाला जेमतेम २-३ मिलीमीटर सरकतं. एक सेंटिमीटरचा ठोकळा व्हायला वीसेक मिनिटं लागतात.

दोन सूचना. सगळी जुळवाजुळव हस्तकलेसाठी मिळणाऱ्या स्वस्त पीसीएल दाण्यांवर करा. संशोधन दर्जाचा माल पाव किलोला पाच आकडी रक्कम घेतो, आणि या टप्प्यावर तो सगळा कचऱ्यातच जातो. स्वस्त माल पेशींजवळ मात्र नेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. दुसरं, नळकांडं भरल्यावर माल वितळलेल्या अवस्थेत तासभर व्हॅक्यूमखाली ठेवा. दाण्यांमधली हवा अडकून राहिली तर धागा मधेच तुटतो, आणि तो तुटलेला धागा ठोकळ्याच्या पोटात असल्यामुळे बाहेरून दिसत नाही.

२९ फेब्रुवारी

हायड्रॉक्सीॲपेटाइट घातलं आणि नोझल बंद पडायला लागलं. भुकटीचे कण बारीकच असतात, पण ओल धरून त्यांचे गोळे होतात आणि ०.४ च्या भोकात दोन-तीन गोळे एकमेकांना अडवून बसतात. उपाय सापडला तो असा : भुकटी १२० अंशांवर रात्रभर सुकवायची, ४०० मेशच्या चाळणीतून काढायची, डायक्लोरोमिथेन या द्रावकात टाकून अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायची, आणि मगच त्यात पीसीएल विरघळवायचं. आधी पीसीएल विरघळवून वर भुकटी टाकली तर द्रावण इतकं घट्ट असतं की गोळे फुटतच नाहीत.

मिश्रण काचेच्या ट्रेमध्ये पातळ पसरून वाफा ओढून घेणाऱ्या फ्युम हूडमध्ये सुकवलं. डायक्लोरोमिथेन ४० अंशांलाच उकळतं म्हणून ते लगेच उडून जाईल, असं वाटतं. वरचा थर खरंच लगेच सुकतो आणि खालचं द्रावक आत कोंडून ठेवतो. पत्रा बोटाला कोरडा लागला तरी वजन पुढे कित्येक दिवस घटत राहतं. आम्ही तुकडे करून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवले आणि सलग तीन दिवस वजन हललं नाही तेव्हाच बाहेर काढले. हे द्रावक पेशींना मारतं. इथे वाचवलेला आठवडा पुढे महिनाभराला भारी पडू शकतो.

पितळी नोझल लवकर झिजतं. ॲपेटाइट कठीणपणाच्या मोह्स मापनात पाचव्या क्रमांकाचं खनिज आहे, पितळ तिसऱ्याच्या आसपास. कडक स्टीलचं नोझल लावलं.

कॉलेजमधल्या आमच्या सरांनी खनिज ४० टक्के करून पाहायला सांगितलं. ६ बारलाही माल हलला नाही. २० टक्के ऐकायला भरपूर वाटतं, पण खनिजाची घनता ३.१६ आणि पीसीएलची १.१४५. आकारमानाने हिशेब केला तर २० टक्के म्हणजे फक्त ८ टक्के. ४० टक्के वजन म्हणजे १९ टक्के आकारमान. सध्या २० वरच थांबलो.

१९ मार्च

या नोंदीतला भाग वगळून पुढे जाऊ नका. आमचे दोन महिने इथे वाचले असते.

आमची रचना सर्वत्र दिसते तीच होती : एका थरात आडवे धागे, पुढच्या थरात उभे. धागा ०.४, दोन धाग्यांच्या मध्यांमधलं अंतर ०.८, थराची उंची ०.३२ मिलीमीटर. वरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की सुरेख चौकोनी ४०० मायक्रॉनची भोकं. फोटो काढले, सगळ्यांना दाखवले. मॅडमनी ठोकळा हातात घेतला, आडवा केला आणि बाजूने उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना.

हिशेब सोपा आहे आणि तो वरच्या फोटोत कधीच दिसत नाही. एकाच दिशेचे दोन धागे एकावर एक येतात ते एक थर सोडून, म्हणजे ०.६४ मिलीमीटरवर. त्यातून धाग्याची जाडी ०.४ वजा केली की बाजूची खिडकी उरते ०.२४ मिलीमीटर उंच. ३०० मायक्रॉनची आमची अट कागदावरच मोडली होती.

प्रत्यक्षात तर तेवढंही मिळत नव्हतं. कडा कापलेला एक घन सेंटिमीटरचा शुद्ध पीसीएलचा ठोकळा या रचनेत ०.५६ ग्रॅम भरायला हवा. भरला ०.६५. म्हणजे पोकळी ५१ टक्क्यांऐवजी ४३. कारण, नोझलमधून सुटल्यावर वितळलेलं पॉलिमर फुगतं आणि धागा ०.४ ऐवजी ०.४३ होतो. खिडकी उरली ०.२१. त्यावर धागा खालच्या दोन धाग्यांच्या मधल्या पोकळीत दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखा झोळतो, ते वेगळंच.

वजन काटा ही या कामातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. क्ष-किरणांनी आतली रचना दाखवणाऱ्या मायक्रो-सीटीचा खर्च आणि रांग दोन्ही परवडत नाही. लांबी-रुंदी-उंची मोजायची, वजन करायचं, घनतेने भागायचं, पाच मिनिटांत खरी पोकळी समोर येते. आता प्रत्येक ठोकळ्यावर हे करतो.

बदल तीन केले. डोक्याचा वेग थोडा वाढवला, त्यामुळे फुगलेला धागा ताणला जाऊन पुन्हा ०.४ वर आला. धाग्यांमधलं अंतर १.० केलं. आणि सगळ्यात उपयोगी पडलेला तिसरा बदल : प्रत्येक दिशेचे दोन थर लागोपाठ एकावर एक छापले, मग दिशा बदलली. यात माल तेवढाच लागतो, पण बाजूची खिडकी ०.९६ वजा ०.४, म्हणजे ०.५६ मिलीमीटर होते. पोकळी कागदावर ६१ टक्के. खनिज घातलेल्या मालाचा ठोकळा ०.५२ ग्रॅम अपेक्षित होता, ०.५३ भरला. आता बाजूने उजेड आरपार दिसतो.

कडांबद्दलही इथेच लिहितो. धागा सलग नागमोडी छापला की प्रत्येक वळणाचा तुकडा कडेवरची एक खिडकी बंद करतो. हाड तर कडेकडूनच आत येणार. वळणं टाळण्यासाठी धागा तोडत गेलं तर प्रत्येक टोकाला थेंब साचतो. म्हणून १४ मिलीमीटरचा ठोकळा छापतो आणि चारी बाजूंनी २ मिलीमीटर नव्या सर्जिकल ब्लेडने कापून टाकतो. माल निम्मा वाया जातो, याचं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग अजून सापडलेला नाही. बोथट ब्लेड वापरलंत तर ते धागे दाबून खिडक्या पुन्हा बंद करतं. आकृतीवरून प्रिंटरच्या सूचना बनवणारा स्लायसर या कामाला सोडून दिला, तीस-चाळीस ओळींच्या पायथन प्रोग्रॅमने त्या सूचना, म्हणजे जी-कोड, थेट लिहितो.

२२ एप्रिल

सकाळी छापलेले ठोकळे बरे, दुपारचे बसलेले. सेटिंग तीच, माल तोच. दोन दिवस नोझल आणि दाब तपासण्यात गेले. शेवटी कारण निघालं ते खोलीचं तापमान. पीसीएल वितळतं ६० ला, पण थंड होताना ते घट्ट व्हायला बरंच खाली, तिशी-चाळिशीच्या दरम्यान यावं लागतं. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी आमची खोलीच ३७-३८ अंशांवर असते. धागा पडतो आणि पुढचा थर येईपर्यंत मऊच राहतो. थंड देशांत काम करणाऱ्यांनी लिहिलेल्या पद्धतींमध्ये याचा उल्लेख नसतो, कारण त्यांना हा प्रश्नच येत नाही.

एसी नाही. प्रयोगशाळेतल्या काकांनी किल्ली लवकर देण्याचं कबूल केलं, आता पहाटे साडेपाच ते नऊ छापतो. नोझलच्या बाजूने पातळ नळीने गार हवा सोडली. मात्र हवा थेट नोझलच्या टोकावर लागली तर थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि ठोकळा नखाने सुटतो. नळी टोकाच्या मागे, नुकत्याच पडलेल्या धाग्याकडे वळवलेली हवी.

२८ मे

दाब-चाचणी. तेवीस अंशांवर तपासलेल्या कोरड्या ठोकळ्यांनी सरासरी २.६ मेगापास्कलला हार मानली. माणसाच्या जाळीदार हाडासाठी साधारण २ ते १२ ची कक्षा दिली जाते, म्हणजे आम्ही खालच्या टोकाला आहोत. तसलेच दुसरे ठोकळे ३७ अंशांच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आठवडाभर ठेवून ओले आणि गरमच तपासले तर १.९. लिहिताना हा दुसरा आकडाच लिहायचा असं ठरवलं आहे. शरीर कोरडं नसतं आणि तेवीस अंशांवरही नसतं.

२५ जून

ठोकळे पाण्यावर तरंगतात. पीसीएलला पाणी धरवत नाही, छिद्रांतली हवा आतच बसते. ज्या वाटेसाठी एवढी खटपट केली त्या वाटेवर हवेचा बुडबुडा बसला तर पेशी आत कशा जाणार?

१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवले, मग पाण्याचा पीएच उदासीन येईपर्यंत धुतले. धुण्याला दोन दिवस लागतात, कारण अल्कली आतल्या कोपऱ्यांतून हळूहळू निघते. याचा आणखी एक फायदा झाला. छापताना खनिजाचे कण धाग्याच्या आत राहतात आणि वर पीसीएलचं पातळ साल येतं. अल्कली ते साल खाते आणि कण उघडे पडतात. आधी पेशीला नुसतं प्लास्टिकच लागत होतं. हवा काढायला ७० टक्के इथेनॉल आणि थोडा व्हॅक्यूम. बुडबुडे येणं थांबलं की इथेनॉल हळूहळू पाण्याने बदलायचं, मधे ठोकळा उघडा पडू द्यायचा नाही.

आता निर्जंतुक करण्याचं. वाफेचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांचा असतो, तिथे ठोकळ्याचा थेंब होतो. यूव्ही आतल्या धाग्यांपर्यंत पोचत नाही. आम्ही इथेनॉलवर भागवतो. रुग्णासाठी एथिलीन ऑक्साइड वायूसारखी खात्रीची पद्धत लागेल.

धाग्यांवर हाडासारखं खनिज जमतं का ते पाहायला जपानमधल्या क्योटोचे संशोधक कोकुबो यांच्या पद्धतीचं कृत्रिम शरीरद्रवही (शरीरातल्या द्रवासारखे क्षार असलेलं पाणी) केलं. बाटल्या प्लास्टिकच्या घ्या, काचेवरच्या ओरखड्यांवर खनिज आधी जमतं. शेवटी पीएच स्थिर ठेवणारं ट्रिस घालताना पीएच ७.४५ च्या वर गेला की द्रावण गढूळ होतं, मग ते दुरुस्त होत नाही, ओतून द्यावं लागतं. ३६.५ अंशांवर दोन आठवड्यांत अल्कलीने धुतलेल्या धाग्यांवर पांढरा थर आला, न धुतलेल्यांवर नाही. प्रक्रियेची तुलना करायला ही चाचणी चांगली. यावरून शरीरात हाड येईल असा दावा आम्ही करणार नाही.

७ ऑगस्ट

पेशी एमजी-६३, पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून. या हाडाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत, कशावरही जोमाने वाढतात. म्हणून यांचं जगणं म्हणजे ठोकळ्यात विष नाही एवढाच पुरावा, निरोगी हाडपेशी तशाच वागतील असा नाही.

पहिल्या वेळी पेशी-मोजणीचे आकडे फार छान आले. मग ठोकळा उचलून खालची पेशी वाढवण्याची प्लेट पाहिली तर बहुतेक पेशी तिथेच चिकटलेल्या. वाटा मोठ्या केल्याची ही किंमत : वरून सोडलेल्या पेशी सरळ खाली गळतात. आता प्लेटच्या तळाला ॲगरोज या जेलीसारख्या पदार्थाचा लेप देतो म्हणजे पेशी तिथे चिकटत नाहीत. दाट पेशींचा छोटा थेंब, ३० मायक्रोलिटर, ठोकळ्यावर सोडतो, दोन तास थांबून उलटा करतो, पुन्हा थेंब, आणि मगच माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, ओततो. मोजणीआधी ठोकळा नव्या खान्यात हलवायचा, ही गोष्ट कितीही घाई असली तरी सोडू नका. अशी मोजणी केल्यावर आकडे निम्म्याहून खाली आले, पण ते ठोकळ्यातल्या पेशींचे आहेत.

पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये बुरशी आली, एक संपूर्ण तुकडी टाकून दिली. पाण्याच्या ट्रेमध्ये आता आठवड्याला निर्जंतुक पाणी बदलतो.

१८ सप्टेंबर

एकवीस दिवसांनी ठोकळे मधोमध कापून पेशी दिसाव्यात म्हणून त्यांची केंद्रकं रंगवली. बाहेरच्या दोन मिलीमीटरमध्ये पेशींची दाट चादर, मध्यात जवळजवळ कोणी नाही. खिडक्या उघड्या होत्या, पेशी आत जाऊ शकत होत्या. पण स्थिर माध्यमात बाहेरच्याच पेशी प्राणवायू संपवतात. शरीरातही पेशी रक्तवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनपेक्षा फार दूर तग धरत नाहीत.

जाडी ५ मिलीमीटरवर आणली आणि पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या) माध्यम आडव्या खिडक्यांमधून हळू फिरवलं. पंप दुसऱ्या विभागातून उसना, नळ्या चार हजारांच्या. प्रवाह जास्त ठेवला तर पेशी सुटून जातात, मिनिटाला अर्धा मिलीलिटर जमला. दोन आठवड्यांनी मध्यातही पेशी दिसल्या. तुलनेसाठी जुन्या रचनेचे, ०.२१ च्या खिडक्यांचे ठोकळे त्याच पंपावर लावले होते. त्यांच्यात माध्यम कडेने वळसा घालून गेलं, मध्य रिकामा राहिला.

४ ऑक्टोबर

प्राणी-प्रयोगाच्या नैतिक समितीसाठी प्रस्ताव लिहायला घेतला. रूढ पद्धत उंदराच्या कवटीत ८ मिलीमीटरचं भोक पाडण्याची. मॅडम आणि सर दोघांनाही ती चालली असती, कमी खर्चाची आहे आणि तुलनेला भरपूर काम उपलब्ध आहे. पण उंदराची कवटी जेमतेम एक मिलीमीटर जाड. तिथे बसेल ती आमच्या तीन थरांची चकती, आणि तीन थरांत बाजूची खिडकी तयारच होत नाही. इतके महिने ज्या गोष्टीवर काम केलं ती या प्रयोगात तपासलीच जाणार नाही, आणि त्यासाठी प्राण्यांचे जीव जातील. हे मला पटलं नाही आणि बैठकीत तसं बोललो.

प्रस्ताव आता सशाच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकासाठी आहे : ६ मिलीमीटर व्यासाचं, १० मिलीमीटर खोल भोक, एका बाजूला जुनी रचना, दुसऱ्या बाजूला नवी. खर्च बराच वाढतो, निधीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. तोवर ६ मिलीमीटर व्यासाचे दंडगोल कापायला नवं पंच करून घेतो आहोत. पहिल्या पंचाने कडेचे धागे आत दाबले गेले, धार आतल्या बाजूने लावून पुन्हा पाहायचं आहे.